मदत हवी आहे: गाडी गरम झाली की सेल्फ लागत नाही, नुसतं 'खट्' होतं

नमस्कार मंडळी,

नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, मॅन्युअल गिअर, ७८ हजार किलोमीटर झालेत. आम्ही लांज्याला राहतो. आईचं आठवड्यातून दोनदा रत्नागिरीला डायलिसिस असतं आणि गाडी मीच चालवते, म्हणून घाईने विचारतेय.

सकाळी घरून निघताना गाडी व्यवस्थित सुरू होते. पाली, हातखंबा करत रत्नागिरीला पोचतो. हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये इंजिन बंद करते, आईला उतरवून व्हीलचेअरवर बसवते, आणि परत येऊन चावी फिरवली की बॉनेटखालून एकच 'खट्'. सेल्फ फिरत नाही. डॅशबोर्डचे दिवे मात्र लख्ख. पुन्हा चावी, पुन्हा खट्. मागे गाड्यांची रांग लागते आणि आई दारातून माझ्याकडेच बघत असते. वीसेक मिनिटांनी इंजिन निवलं की लगेच सुरू होते. गेल्या महिन्यात असं चार वेळा झालं. आता मी जिथे उतार मिळेल तिथेच गाडी लावते, म्हणजे निदान धक्क्यावर तरी सुरू करता येईल. पण पोर्च सपाट आहे.

दोन महिन्यांपूर्वी बॅटरी नवीन घातली. टर्मिनल गरम पाण्याने आणि सोड्याने धुऊन घट्ट केलेत. गॅरेजमध्ये सांगितलं की स्टार्टर (सेल्फची मोटर) गेलाय, नवीन बसवा, साडेनऊ हजार. खरंच गेला असेल तर बसवते. पण बॅटरीही अशीच अंदाजाने बदलली होती, आणि दुखणं तिथेच आहे.

घरी मल्टिमीटर आहे. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना १३.९, हेडलाइट आणि एसी लावला की १३.१.

आणखी एक, कदाचित बिनमहत्त्वाचं. मागच्या मंगळवारी पोर्चमध्ये एका गृहस्थांनी त्यांच्या गाडीवरून जंपर केबल लावली. लाल लालला, काळी काळीला, दोन्ही बॅटऱ्यांवर. तरी खट्च. मग एक टेम्पोवाले काका आले. त्यांनी काळा चिमटा आमच्या बॅटरीवरून काढला आणि इंजिनच्या लोखंडी कडीला लावला. पहिल्याच चावीला सुरू! जाताना म्हणाले, "ताई, बॅटरी बघून घ्या." बॅटरी तर नवीच आहे.

स्टार्टर बदलण्याआधी मी घरी काय तपासू शकते?

प्रतिसाद १
खट् आवाज येतोय म्हणजे चावी, रिले, क्लचचा स्विच इथपर्यंत करंट पोचतोय, सोलेनॉइड (स्टार्टरवरचा चुंबकी स्विच) ओढला जातोय. तिकडे वेळ घालवू नका. बॅटरी उतरली असती तर कटकटकट असा सलग आवाज आला असता आणि दिवे मंदावले असते. माझ्या गाडीला हेच झालं होतं तेव्हा स्टार्टरचे कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजले होते. पुढच्या वेळी कुणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि स्टार्टरच्या अंगावर लाकडी दांड्याने हलके ठोका. फिरला तर कार्बन. वायरमनकडे कार्बन बदलून मिळतात, पूर्ण स्टार्टर घ्यायची गरज नसते.

प्रतिसाद २
कार्बनची शक्यता आहेच, पण ताई, तुम्ही ज्याला बिनमहत्त्वाचं म्हणताय तेच माझ्या मते उत्तर आहे.

स्टार्टरला लाल केबलने करंट येतो. त्याची परतीची वाट इंजिनच्या अंगातून आहे, आणि इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून तिथून पुढे बॉडीपर्यंत किंवा थेट बॅटरीपर्यंत अर्थिंगची जाड पट्टी दिलेली असते. काळा चिमटा बॅटरीवर होता तेव्हा करंट त्याच पट्टीतून परत जात होता. काकांनी तो इंजिनला लावला तेव्हा पट्टी वाटेतून बाजूला पडली आणि सेल्फ लागला. दिव्यांची अर्थिंग बॉडीवर असते, म्हणून ते लख्खच राहतात. लोड टाकल्यावर १३.१ पर्यंत उतरणंही याच्याशी जुळतं, कारण बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही इंजिनवरच बसलेला आहे.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, क्लँपवर नाही. लाल प्रोब इंजिनच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूवर. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, ओढणी आणि केस इंजिनच्या फिरत्या बेल्टपासून लांब. कुणाला तरी दोन-तीन सेकंद सेल्फ मारायला सांगा. ०.२, फार तर ०.३ दाखवलं तर अर्थिंग ठीक आहे. व्होल्टच्या वर गेलं तर चोर सापडला. मग असंच पॉझिटिव्ह खुंट ते स्टार्टरचा जाड बोल्ट मोजा, तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. त्याच वेळी बॅटरीवर किती उरतात तेही बघा, सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली जायला नको. गाडी थंड असताना आणि रत्नागिरीहून आल्या आल्या, दोन्ही वेळा मोजा.

आणि इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून 'अल्टरनेटर बघू' असं कुणी म्हणालं तर करू देऊ नका. व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जाऊ शकतो.

धागाकर्ती
मोजलं. भाऊ चावीवर, मी मीटर धरून. थंड इंजिनवर अर्थिंगला १.३, सेल्फ जरा जड फिरला. आज परत आल्यावर अंगणातच खट् झालं, तेव्हा ५.८! बॅटरीवर त्याच वेळी ११.४ होते. पॉझिटिव्ह बाजूला जेमतेम ०.२. मग जंपर केबलची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या कडीला लावली आणि गाडी लगेच सुरू झाली. मी तीनदा बंद करून पाहिलं, तीनही वेळा.

प्रतिसाद २
झालं तर मग. स्टार्टरला हात लावू नका. पट्टी बहुतेक बॅटरीच्या ट्रेखालून गिअरबॉक्सपर्यंत जात असेल. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा, मग पट्टी खोला. नुसती घासून परत लावू नका. आपल्याकडच्या पावसात आणि खाऱ्या हवेत तांब्याच्या तारा आतून खातात, वरून कळत नाही. निदान तेवढ्याच जाडीची नवीन घ्या, थिंबल (टोकांच्या धातूच्या कड्या) दाबून बसवलेले हवेत. दोन्ही टोकांखालचा गंज आणि रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, बोल्ट घट्ट करा, वर पेट्रोलियम जेली लावा.

धागाकर्ती
काल वायरमनकडून पट्टी बदलून घेतली, साडेतीनशे रुपये झाले. जुनी मागून घेतली. वरून बरी दिसत होती. गिअरबॉक्सकडच्या टोकाला वाकवली तर निम्म्या तारा हिरवी पूड होऊन हातात आल्या. आता सेल्फ मारताना थंड इंजिनवर ०.१, गरमवर ०.१५. हेडलाइट आणि एसी लावून बॅटरीवर १३.८ मिळतात.

आज पोर्चमध्ये आईला उतरवलं, व्हीलचेअर आत सोडली आणि परत येऊन चावी फिरवली. सेल्फ लागला. आईने दारातूनच हात हलवला. त्या टेम्पोवाल्या काकांचा नंबर मी घेतला नव्हता, पुन्हा भेटले तर त्यांनाही सांगणार आहे. प्रतिसाद दोन, तुमचे मनापासून आभार.