सायकलिंग करूनही मणक्याची बोन डेन्सिटी कमी कशी?

सायकलस्वार: दहा वर्षं रोज सायकल चालवतोय, दम भरपूर आहे, पण डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे) कमरेच्या मणक्याचा टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा) -१.८ आला, म्हणजे ऑस्टिओपेनिया, हाडांची घनता कमी. एवढा व्यायाम करून असं कसं?

लोखंडप्रेमी: अहो, हाडाला दम कळत नाही, भार कळतो. सायकलवर अंगाचं वजन सीट आणि हँडलवर जातं, मणक्याला ना धक्का ना दाब, म्हणून मुरलेल्या सायकलपटूंमध्येही हे बऱ्याचदा दिसतं. पोहण्याचंही तसंच, पाणीच वजन उचलतं. वेटलिफ्टर आणि जिम्नॅस्टची डेन्सिटी मात्र चांगली असते, बारबेल खांद्यावर घेऊन स्क्वॉट मारताना सगळा दाब कण्यातूनच खाली उतरतो ना.

सायकलस्वार: मग रनिंग सुरू करू का?

पळती: करा, पण त्याचा फायदा पायांना आणि खुब्याला जास्त, कमरेच्या मणक्याला तेवढा नाही. त्यापेक्षा रोइंग (वल्हवण्याचा व्यायाम) बघा, बसून असलं तरी प्रत्येक ओढीला पाठीचे स्नायू मणक्याला जाम ताण देतात.

लोखंडप्रेमी: वजनं उचलायची तर फक्त आधी डॉक्टरांना विचारा आणि बारबेलचं वजन हळूहळू वाढवा, पाठ वाकवून उचलू नका प्लीज. सायकल सोडायची गरज नाही, हृदयासाठी ती उत्तमच आहे. हाड सावकाश बदलतं, पुढचा स्कॅन वर्ष-दोन वर्षांनी, शक्यतो त्याच मशीनवर करा.