विरोधी पक्षातला खासदार बोलून खरंच काही बदलतं का? (अरुण जेटली आणि २०१० चं अणुदायित्व विधेयक)

कातळसडा:
आमचं गाव राजापूर तालुक्यात, माडबनच्या अलीकडे. जैतापूर अणुवीज प्रकल्पाचं सुरू झालं तेव्हा मी शाळेत होते, आता डोंबिवलीत असते आणि नोकरी सांभाळून बाहेरून एमए करतेय, राज्यशास्त्र. प्रोजेक्टला विषय आहे विरोधी पक्षातल्या एका नेत्याचं संसदेतलं काम, आणि सरांनी सांगितलंय की वीज आणि परराष्ट्र धोरण दोन्ही येईल असं काहीतरी बघ. मी अरुण जेटली आणि अणुदायित्व विधेयक (अणुभट्टीत अपघात झाला तर भरपाई कोणी द्यायची, त्याचं) घेतलं, जेटली तेव्हा राज्यसभेत विरोधी पक्षनेते होते.

पण घरी बाबांशी रोज यावरून वाद. ते म्हणतात दिल्लीत कोण काय बोललं त्याने काय झालं, ९३८ हेक्टर जमीन गेली ती गेलीच, मोर्चे आपल्या माणसांनी काढले आणि लाठ्या पण आपल्याच माणसांनी खाल्ल्या. मला त्यांना खोटं पाडायचं नाहीये, पण पूर्ण पटत पण नाही. कलम १७ मध्ये "आणि" या एका शब्दावरून भांडण झालं असं सगळीकडे वाचलं, नक्की काय झालं ते कोणी साध्या भाषेत सांगाल का? आणि श्रेय विरोधकांना द्यावं का?

पुणेरी_वकील:
ताई, विषय छान घेतलात. थोडं मागून सांगतो, नाहीतर एका शब्दासाठी एवढा गदारोळ का ते कळणार नाही. १८ जुलै २००५ ला मनमोहन सिंग आणि बुश यांचं अणुसहकार्याचं संयुक्त निवेदन आलं, मग २२ जुलै २००८ चं विश्वासमत, २७५ विरुद्ध २५६, मग सप्टेंबरात एनएसजीची (अणुसाहित्य पुरवणाऱ्या देशांचा गट) सूट आणि ऑक्टोबरात १२३ करारावर, म्हणजे भारत-अमेरिका अणुकरारावर, सह्या. पण सह्या झाल्या म्हणून अणुभट्टी येत नाही. अमेरिकन कंपन्यांचं म्हणणं होतं की आधी अपघाताच्या भरपाईचा कायदा करा, आणि तोही असा की आमच्या अंगावर काही येणार नाही.

सीएससी म्हणून एक आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात भरपाई देतो तो भट्टी चालवणारा, म्हणजे आपल्याकडे एनपीसीआयएल ही सरकारी कंपनी. त्याला पुरवठादाराकडून पैसे वसूल करायचे तर दोनच वाटा, एक म्हणजे कंत्राटात तसं लेखी असलं तर, आणि दुसरी म्हणजे एखाद्याने मुद्दाम नुकसान करायच्या हेतूने काही केलं तर. खराब पार्ट दिला आणि त्याने स्फोट झाला, तर यात काहीच नाही.

विधेयक ७ मे २०१० ला लोकसभेत आलं आणि बरोबर महिन्याने, ७ जूनला, भोपाळचा निकाल लागला. एवढी माणसं गेली आणि आरोपींना दोन वर्षं शिक्षा, त्याच दिवशी जामीन. देश हादरला होता तेव्हा, मी तेव्हा नुकतीच प्रॅक्टिस सुरू केली होती आणि बाररूममध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

आता "आणि" चं. मूळ कलम १७ मध्ये वसुलीच्या वाटा वेगवेगळ्या होत्या, (अ) कंत्राटात लिहिलं असेल तर, (ब) पुरवठादाराचा जाणूनबुजून केलेला किंवा घोर निष्काळजीपणा असेल तर. स्थायी समितीचा अहवाल १८ ऑगस्टला आला, त्यात (ब) ची भाषा बरीच कडक केली होती, सदोष माल, निकृष्ट सेवा वगैरे आलं, पण (अ) च्या शेवटी गुपचूप एक "आणि" बसला होता. वकिलाच्या नजरेने बघा, "आणि" आला की दोन्ही अटी एकदम पूर्ण व्हायला पाहिजेत. कंत्राटात लिहिलं नसेल तर माल कितीही सडका असो, हात बांधलेले. आणि कुठली परदेशी कंपनी असं कंत्राटात लिहून देईल?

भाजप आणि डाव्यांनी हे पकडलं. सरकारने "आणि" काढला, पण दोन दिवसांत २० ऑगस्टला मंत्रिमंडळाने जी दुरुस्ती केली त्यात (ब) मध्ये "हेतू" शब्द घुसवला. म्हणजे सदोष पार्ट नुकसान करायच्या हेतूनेच दिला हे सिद्ध करा! कोण सिद्ध करणार? पुन्हा वाद, पुन्हा वाटाघाटी, भाजपकडून त्यात जेटली मुख्य होते. शेवटी तोही शब्द गेला, २५ ऑगस्टला लोकसभेत आणि ३० ऑगस्टला राज्यसभेत विधेयक पास, भाजपच्या पाठिंब्याने. तर हो, माझ्या मते श्रेय आहे.

दिल्लीतला_जुना:
वकीलसाहेबांनी नीट सांगितलं, फक्त श्रेय एकट्या जेटलींना देऊ नका, प्रोजेक्ट एकांगी होईल. डाव्यांनी हा विषय पहिल्यापासून लावून धरला होता, २००६ मध्ये येचुरींनी राज्यसभेत अमेरिकन कायद्यातल्या अटींवर मुद्दे काढले आणि मनमोहन सिंगांना १७ ऑगस्ट २००६ ला सभागृहात एकेक मुद्द्यावर उत्तर द्यावं लागलं. तेव्हा डावे सरकारला बाहेरून पाठिंबा देत होते हेही लक्षात घ्या, म्हणजे विरोध करायला विरोधी बाकावरच बसावं लागतं असं नाही.

आणि संख्याबळाचं लिहायला विसरू नका. राज्यसभेत यूपीएला बहुमत नव्हतं, भाजपशिवाय विधेयक निघतच नव्हतं. जेटली उत्तम वकील होते, शब्द शब्द तपासायचे, पण तोच माणूस तेच मुद्दे घेऊन बहुमतवाल्या सभागृहात उभा राहिला असता तर किती ऐकलं असतं? भट्टी चालवणाऱ्याने द्यायच्या भरपाईची १,५०० कोटींची मर्यादासुद्धा आधी ५०० कोटी होती, ती समितीनंतर वाढली. आपल्यासाठी अजून एक धागा म्हणजे विधेयक संसदेत मांडणारे राज्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण, तेच नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री झाले आणि जैतापूर त्यांच्याच टेबलावर येऊन पडलं.

निवृत्त_वीजवाला:
मी ३४ वर्षं वीजनिर्मितीत काढली, औष्णिक केंद्रात, तर थोडी दुसरी बाजू. १७(ब) मुळे परदेशीच नाही तर आपलेच पुरवठादार पण घाबरले. पंप, व्हॉल्व, पाइप बनवणारा छोटा कारखानदार असतो, त्याला विमा कोण देणार? शेवटी २०१५ मध्ये १,५०० कोटींचा विमा पूल (विमा कंपन्यांनी मिळून केलेली सोय) काढावा लागला, आणि तेव्हा केंद्रात अर्थमंत्री जेटलीच होते, हे ताई तुमच्या प्रोजेक्टमध्ये आलंच पाहिजे. विरोधात असताना मागितलेली गोष्ट सत्तेत आल्यावर निभावताना माणूस काय करतो, खरा अभ्यास तिथे आहे.

पण जैतापूर रखडलं ते फक्त या कायद्यामुळे असं जे म्हणतात ते मला मान्य नाही. जैतापूरला ज्या फ्रेंच ईपीआर भट्ट्या लावायच्यात, १,६५० मेगावॉटच्या सहा, तीच भट्टी फ्रान्सने स्वतःच्या फ्लामांव्हिलला २००७ मध्ये बांधायला घेतली आणि ग्रिडला जोडली डिसेंबर २०२४ मध्ये. ती भट्टी बनवणारी अरेव्हा कंपनी मध्येच डबघाईला आली. तिकडे अमेरिकन भट्ट्या बनवणाऱ्या वेस्टिंगहाऊसने २०१७ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यांच्या घरीच काम होत नव्हतं त्याला आपलं कलम काय करणार.

आणि परराष्ट्र धोरण विजेशी कसं बांधलेलं असतं ते बघायचं तर तारापूर वाचा. १९६९ च्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकन, इंधन पण अमेरिकन, १९७४ ला पोखरण झालं आणि पुढे त्यांनी इंधनाचा हात आखडला, मग फ्रान्सकडे जावं लागलं. आमच्या पिढीतल्या इंजिनियर लोकांनी हे जवळून बघितलंय. म्हणून मला अणुवीज हवी आहे पण दुसऱ्याच्या अटीवर नको.

नाटे_बंदर:
कातळसडा ताई, मी साखरी नाट्याचा, घरची मच्छीमारी. तुझ्या बाबांचं चुकत नाही. १८ एप्रिल २०११ ला इथे गोळीबार झाला, आमच्यातला माणूस गेला, तेव्हा संसदेतला कायदा पास होऊन आठ महिने झाले होते, कुणी आम्हाला येऊन सांगितलं नाही की बाबांनो कलम १७ मध्ये तुमच्यासाठी असं असं आहे. आम्हाला गरम पाणी खाडीत सोडणार, मासळी लांब जाणार, ही चिंता होती आणि अजून आहे, आणि हे कायद्यात कुठे नाही कारण तो कायदा अपघाताचा आहे, रोजच्या नुकसानाचा नाही. फुकुशिमा त्याच मार्चमध्ये झालेलं, टीव्हीवर ते बघितल्यावर १,५०० कोटी म्हणजे किती गावांना किती, हा हिशोब आम्ही समुद्रावर जाळी विणता विणता केलाय.

तरी पण एक सांगतो. तू लिही. आमच्यातल्या पोरांना ते कागद वाचता यायला पाहिजेत.

पुणेरी_वकील:
दादा, तुमचं बरोबर आहे, मी फक्त कलमांचंच बोललो. ताई, एक महत्त्वाची भर, नाहीतर प्रोजेक्ट जुना वाटेल. २०१० चा कायदा आता राहिलेला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये शांती कायदा संसदेत पास झाला, त्याने १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि हा २०१० चा, दोन्ही रद्द केले. खासगी कंपन्यांना भट्टी चालवायला वाट मोकळी झाली आणि ज्या पुरवठादाराच्या कलमासाठी २०१० चा ऑगस्ट गाजला ते नवीन कायद्यात नाही, वसुलीच्या वाटा परत त्याच दोन, कंत्राट आणि हेतू. या वेळी विरोधी बाकावर काँग्रेस, त्यांनी समितीकडे पाठवा म्हटलं, पाठवलं नाही, एका आठवड्यात दोन्ही सभागृहं झाली.

२०१० मध्ये मे ते ऑगस्ट तीन महिने मिळाले होते. अहवाल छापला गेला म्हणून "आणि" लोकांना दिसला. मी तुमच्या जागी असतो तर दोन्ही वर्षं शेजारी ठेवून लिहिलं असतं.

कातळसडा:
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः नाटे_बंदर दादा. शांती कायद्यात ते कलम गेलंय हे मला माहीतच नव्हतं, मी अजून १७(ब) जिवंत आहे असं धरूनच दोन पानं लिहिली होती, ती आता बदलते. विषय जेटलींचाच ठेवते पण २०१० मधली मागणी, २०१५ चा विमा पूल आणि २०२५ असं तिन्ही घेते.

काल रात्री बाबांना वरचं सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग "हेतू" वाला भाग परत वाच म्हणाले. आणि झोपायच्या आधी विचारलं, तो समितीचा अहवाल मराठीत मिळतो का गं. मी शोधला, इंग्रजी आणि हिंदीत आहे, मराठीत नाही मिळाला. कलम १७ पुरता मी आजपासून लिहायला घेतलाय, झाला की इथे टाकते, वकीलसाहेब तेवढा तपासून द्याल का?