मदत हवी आहे: मोठ्या मरळीसाठी ऋतूनुसार ल्युअर कसे निवडावे? बास या अमेरिकी माशाचे नियम मराठवाड्यातील तलावांना कितपत लागू पडतात?

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातील असून येलदरी धरणाच्या फुगवट्याला येऊन मिळणारे ओढे आणि आसपासचे पाझर तलाव येथे रॉड आणि रील घेऊन, केवळ कृत्रिम आमिषांवर म्हणजे ल्युअरवर, मरळ धरण्याचा छंद जोपासतो. पाऊण ते दीड किलोची मरळ बऱ्यापैकी नियमाने गळाला लागते. माझा प्रश्न तीन किलोंच्या वरच्या मरळीचा आहे, जी त्याच पाण्यात आहे हे भोई मंडळींच्या जाळ्यात वेळोवेळी दिसते, परंतु ल्युअरला क्वचितच येते.

अडचण अशी आहे की ल्युअरने मोठा शिकारी मासा कसा धरावा, यावरचे उपलब्ध लेखन आणि चित्रफिती बहुतांशी अमेरिकेतील लार्जमाउथ बास या माशावर बेतलेल्या आहेत. आपण वापरतो ते पोकळ रबरी बेडूक, फिरत्या पात्याचे स्पिनरबेट, रबरी किडे हे सारे साहित्यही मुळात त्याच माशासाठी घडलेले आहे. बासचा अभ्यास तिकडे किती बारकाईने होतो, हे त्याच्या विक्रमावरून कळते. १९३२ साली जॉर्जिया राज्यात सुमारे १०.१ किलोचा बास धरला गेला आणि त्या वजनाची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडले, तीही अमेरिकेत नव्हे तर जपानमधील बिवा सरोवरात झाली. एवढा अभ्यास हाताशी असताना तो आपल्याला उपयोगी पडू नये, हे मनाला पटत नाही. मात्र तो जसाच्या तसा उचलला तर फसगत होते, असाही अनुभव येतो.

बासचे वर्ष, मला समजले त्याप्रमाणे, पाण्याच्या तापमानावर चालते. हिवाळ्यात पाणी दहा अंशांच्या खाली गेले की मासा सुस्तावतो, आणि तेव्हा पाण्यात अधांतरी थांबून राहणारे जर्कबेट दोन झटक्यांमध्ये बराच वेळ स्थिर ठेवावे लागते किंवा जिग (जड डोक्याचा गळ) तळाशी अगदी सावकाश ओढावा लागतो. वसंतात पाणी तापू लागले की पोटात अंडी असलेल्या जड माद्या उथळ पाण्याकडे सरकतात आणि वर्षातील सर्वांत वजनदार मासे बहुधा याच सुमारास मिळतात. पाणी साधारण सोळा ते वीस अंशांवर आले की नर तळ साफ करून घरटे करतो आणि अंडी व पिले राखतो. उन्हाळ्यात मोठे मासे खोल कडांवर जातात, त्यांच्यासाठी क्रँकबेट (ओढताच बुडी मारून खोल जाणारे माशाच्या आकाराचे आमिष) किंवा टेक्सास पद्धतीने गळात लपवलेला लांब रबरी किडा वापरतात. शरद ऋतूत लहान चाऱ्याचे मासे तलावाच्या चिंचोळ्या फाट्यांमध्ये शिरतात, त्यांच्यामागे बास येतो, आणि स्पिनरबेट जलद ओढून चालते.

आता आपल्याकडे पाहावे. परभणीत थंडीच्या एखाद्या लाटेत पहाटेचा पारा पाच अंशांच्या खाली उतरत असला, तरी तलावाचे पाणी बासच्या हिवाळ्याइतके गार होत नाही. आपले वर्ष तापमानापेक्षा पाण्याच्या पातळीवर चालते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तलाव सांडव्यापर्यंत भरलेला असतो, रब्बीची आवर्तने सुटू लागली की पाणी मागे हटते, मागे हटलेल्या जागेवर गाळपेर होते, आणि मे महिन्यात कित्येक तलाव मृतसाठ्यावर येतात. ज्या बेशरमाच्या झुडपांत नोव्हेंबरमध्ये मासा असतो, ती झुडपे फेब्रुवारीत कोरड्या जमिनीवर उभी असतात. अशा ठिकाणी अमुक महिन्यात अमुक ल्युअर हे वेळापत्रक कसे टिकणार?

दुसरा फरक माशाच्या शरीरातला आहे आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे. बास कल्ल्यांनी श्वास घेतो, त्यामुळे उन्हाळ्यात प्राणवायू आणि गारवा दोन्ही जिथे पुरेसे मिळतील अशी पातळी त्याला शोधावी लागते. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घेण्याची वेगळी जागा असते आणि तिला ठरावीक वेळाने पृष्ठभागावर येऊन हवा घ्यावीच लागते. म्हणजे मे महिन्यात पाणी कोमट आणि शेवाळाने भरलेले असले तरी तिला खोल जाण्याचे कारण उरत नाही. असे असूनही उन्हाळ्यात मोठी मरळ ल्युअरकडे पाहतही नाही, याचा उलगडा मला होत नाही.

म्हणून जाणकारांना माझी विनंती आहे की पुढील बाबींवर मार्गदर्शन करावे. आटत चाललेल्या उन्हाळी पाण्यात मोठ्या मरळीसाठी बेडूक चालवावा की पाण्याखालचे ल्युअर? जून-जुलैच्या गढूळ नव्या पाण्यात कोणता रंग आणि कोणता आकार चालतो? हिवाळ्यात बाससारखे थांबून थांबून ओढणे खरेच कामाचे आहे का? आणि बेडकावर मासा आल्यावर झटका नेमका केव्हा द्यावा? कारण मोठ्या माशाचा घाव पाण्यावर दिसतो, आवाज येतो, आणि बेडूक तसाच तरंगत राहतो.

माझ्याकडे मध्यम-जड ताकदीचा सात फुटी रॉड आणि विणीचा (अनेक धागे गुंफून केलेला) दोरा आहे. बाभळीचे खोड आणि कमळाची पाने यांतून मासा ओढून काढण्यास तो पुरेसा आहे का, हेही सांगावे.

प्रतिसाद (नांदेड)

नमस्कार. आपण मांडलेला फरक योग्य आहे. माझी मासेमारी विष्णुपुरीच्या वरच्या अंगाला गोदावरीत आणि काही साठवण तलावांत होते, तेव्हा त्यावरूनच लिहितो.

ल्युअरच्या आधी तलावाची निवड करा. तीन किलोंची मरळ वाढायला वर्षे लागतात, आणि दुष्काळात तलावाचे डबके झाले की त्यातील मोठे मासे हाताने आणि जाळ्याने उचलले जातात. मरळ चिखलात दम धरून राहू शकते हे खरे, पण माणसापुढे तिचे काही चालत नाही. गावातील वयस्क माणसांना विचारा की हा तलाव शेवटचा तळापर्यंत कधी आटला होता. उत्तर जितके जुने, तितकी आशा अधिक. शिवाय आपल्याकडे मरळीच्या एकाहून अधिक जाती आहेत. पाझर तलावांत मिळते ती बहुतेक चन्ना स्ट्रायटा, आणि तिच्यात तीन किलो म्हणजे फारच मोठा मासा. शेपटीच्या बुडाशी फिकट कडेचा काळा ठिपका असलेली चन्ना मारुलिअस मात्र नदीत व मोठ्या धरणांत राहते आणि बरीच मोठी होते. आपल्या भोई मंडळींच्या जाळ्यात यांपैकी कोणती येते, ते आधी पाहून घ्यावे.

उन्हाळ्याचा उलगडा असा. पाणी कमी झाले की मासा आणि आपण एकमेकांच्या जवळ येतो, काठावर झाडोरा नसतो, आणि माणसाची सावली व पावलांचा हादरा मोठ्या माशाला लगेच कळतो. त्यामुळे तांबडे फुटण्याच्या सुमारास, काठापासून मागे बसून, लांब फेक करावी. मरळ श्वास घ्यायला वर आली की पाण्यावर वर्तुळ उमटते. त्या वर्तुळावर बेडूक टाकू नये. त्याच्या बऱ्याच पलीकडे टाकावा आणि मासा ज्या दिशेने गेला असेल त्या वाटेवरून सावकाश आणावा. ऊन चढल्यावर बेडूक बाजूला ठेवून टेक्सास पद्धतीचा रबरी मासा कमळाच्या पानांच्या कडेने, जवळपास वजनाशिवाय, बुडू द्यावा. बासच्या उन्हाळ्यातील खोल जाणारे क्रँकबेट आपल्या उथळ तलावात गाळ ओढण्यापलीकडे काही करत नाही.

नव्या पाण्यात चढणीचे मासे ओढ्यांतून वर सरकतात आणि मरळ त्या तोंडांशी, बुडालेल्या गवतात, दबा धरते. पाणी चहासारखे असेल तेव्हा दृष्टीपेक्षा थरथर उपयोगी पडते, म्हणून मोठे पाते असलेला स्पिनरबेट किंवा पृष्ठभागावर खडखडत येणारा बझबेट घ्यावा. रंग काळा किंवा गडद निळा असावा, कारण खालून आभाळाकडे पाहणाऱ्या माशाला गडद आकृती स्पष्ट दिसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी निवळले की तपकिरी-हिरव्या बेडकाकडे वळावे. बासचा शरद ऋतू आपल्याकडे याच दोन महिन्यांत थोडाफार भेटतो, कारण पावसाळ्यात वाढलेली चिलापीची पिले तेव्हा बुडालेल्या बाभळींच्या आसऱ्याला असतात आणि मरळ त्यांच्या मागावर असते.

हिवाळ्यात थांबून ओढण्याचे तत्त्व चालते, जर्कबेट मात्र चालत नाही, कारण त्याचे तिहेरी गळ दुसऱ्याच फेकीला झुडपात अडकतात. सकाळी दहानंतर, धरणाच्या भिंतीचे उन्हाने तापलेले दगडी पिचिंग आणि वाऱ्याच्या आडोशाचा उथळ काठ पाहावा, आणि लहान रबरी आमिष अगदी मंद चालवावे. पहाटे उठून कुडकुडत बसण्यात अर्थ नाही. मासाही तेव्हा उठलेला नसतो.

झटक्याविषयी: घाव दिसताच हात उचलू नये. रॉडचे टोक खाली करून सैल दोरा गोळा करावा, माशाचे वजन हाताला जाणवले की मगच जोराने मागे घ्यावे. मरळीचा जबडा हाडाचा असतो, त्यामुळे बेडकाचे दोन्ही गळ दर फेरीआधी कानशीने धारदार करावेत. आपला रॉड किंचित मऊ वाटतो. जड ताकदीचा घ्यावा आणि दोरा पन्नास पौंडांहून कमी ताण सहन करणारा नसावा.

प्रतिसाद (उदगीर)

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, एक भर घालतो. पावसाळ्यात मरळीची वीण होते. अंडी उथळ, वनस्पतींच्या पाण्यात तरंगतात आणि आईबाप राखण करतात. पुढे पिलांचा घोळका वर येतो तेव्हा पाणी बारीक उकळल्यासारखे दिसते; चन्ना स्ट्रायटाची पिले लालसर-केशरी असल्याने ती सहज ओळखू येतात. त्या घोळक्यावरून कोणतेही ल्युअर नेले तरी मोठा मासा तुटून पडतो, आणि मोठ्या मरळीची अनेक छायाचित्रे अशीच मिळवलेली असतात. तो मासा काढून नेला की पिले चिलापी आणि इतर माशांच्या पोटात जातात. बासच्या घरट्यावरील नराबाबतही हेच घडते, आणि अमेरिकेतील काही राज्यांत त्या काळात बासवर निर्बंध असतात. आपण घोळका दिसला की जागा बदलावी.

तसेच बहुतेक तलावांचा मासेमारीचा हक्क मत्स्य सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेला असतो, तेव्हा संस्थेच्या माणसांना भेटून परवानगी घ्यावी. जायकवाडीचा नाथसागर पक्षी अभयारण्य असल्याने तेथे वन विभागाचेही नियम लागू होतात.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आमच्याकडील जाळ्यांतील मासे आठवून पाहिले असता ओढ्यांच्या तोंडाशी मिळणाऱ्यांच्या शेपटीवर ठिपका असतो आणि पाझर तलावांतील माशांना नसतो, म्हणजे मोठ्या मरळीसाठी फुगवट्याकडेच जावे लागेल असे दिसते. पिलांच्या घोळक्याची सूचना आमच्या मंडळींना सांगतो. नांदेडच्या सभासदांना आणखी एक विचारतो: बुडालेल्या बाभळींत विणीचा दोरा काट्यांना घासून कापला जाऊ नये म्हणून पुढे जाड नायलॉनचा तुकडा जोडावा का, की त्यामुळे बेडकाची चाल बिघडते?

प्रतिसाद (नांदेड)

बेडकासाठी जोडू नये, विणीचा दोरा थेट बांधावा, कारण गाठ पानांत अडकते आणि जाड नायलॉनने बेडकाचे नाक खाली ओढले जाते. प्रत्येक मासा लागल्यावर दोऱ्याचे शेवटचे दोन हात बोटांतून ओढून पाहावेत, खरखरीत लागले तर तेवढे कापून पुन्हा बांधावे. पाण्याखालील रबरी आमिषाला मात्र हातभर जाड नायलॉन जरूर लावा.