१२ बाय १२ ची छापील पानं: घरी ब्लेडने कापायची की दुकानातल्या मशीनवर?

चिकटवही
लग्न, बारसं, सहल, आजोबांची पंचाहत्तरी... हल्ली स्क्रॅपबुकाची पानं कॉम्प्युटरवर रचून, छापून आणून मग वर तिकिटं, पाकिटं, वाळलेली फुलं चिकटवणारे बरेच जण आहेत. छपाई दुकानात, इथपर्यंत वाद नाही. पण कापायचं कुठे? माझं स्पष्ट मत: घरी. स्टीलची पट्टी, कटर आणि कटिंग मॅट घेऊन, एकेक पान.

कारण सांगते. १२ इंच म्हणजे ३०५ मि.मी. ए-थ्री कागदाची रुंदी २९७, म्हणजे पान त्यात बसतच नाही. दुकानदार १२ बाय १८ ची शीट पुढे करतो, पण त्यात एका बाजूला कापायला काही उरत नाही, शिवाय मशीन कडेपर्यंत छापत नाही. म्हणून शीट १३ बाय १९ चीच हवी, आणि चारी बाजूंनी ३ मि.मी. ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेच्या बाहेर गेलेला जादा रंग. आता गंमत अशी की डिजिटल मशीनमधून प्रत्येक शीट अगदी जागच्या जागी बाहेर येत नाही, छपाई किंचित इकडेतिकडे सरकते. दुकानात गठ्ठा लावून एकदम कापतात, म्हणजे वरच्या पानाच्या क्रॉप मार्कवर (कुठे कापायचं ते दाखवणाऱ्या कोपऱ्यातल्या खुणांवर) खालच्या सगळ्यांचा निकाल. घरी प्रत्येक पान स्वतःच्या खुणांवर कापलं जातं.

बुधवारातला
ताई, या धंद्यात केस पिकलेत म्हणून बोलतो. छपाई सरकते, खरं आहे. पण ब्लीड कशासाठी देतात? त्यासाठीच ना! रंग कडेच्या बाहेर ३ मि.मी. गेलेला असताना एखादा मिलिमीटर सरकला तर पाहुण्यांना कळतही नाही. कळतं काय, तर पानं एकमेकांपेक्षा लहानमोठी असली तर. अल्बम मिटून कडेवरून बोट फिरवा, हाताने कापलेली पानं लगेच सापडतील.

गठ्ठ्याचं म्हणाल तर ते गिऱ्हाइकाच्या हातात आहे. घाईगर्दीच्या वेळी इतरांच्या व्हिजिटिंग कार्डांबरोबर टाकलं तर जाड गठ्ठ्यात वरचं आणि खालचं पान सारखं येत नाही, पातं कागद ओढतं. पातळ गठ्ठा लावायला सांगा, वरखाली रद्दीचा पुठ्ठा घालायला सांगा, म्हणजे गठ्ठा दाबून धरणाऱ्या पट्टीचा वळ पानावर उठत नाही. आणि मशीनमध्ये शीट ज्या दोन कडांना टेकून गेली त्याच दोन कडांवर गठ्ठा ठोकून सरळ करायला सांगा. एवढं केलं की तुमचं ते 'सरकणं' निम्म्याहून कमी होतं.

खाडीकाठ
तुम्ही दोघंही उगाच भांडताय. मी पानाला चारी बाजूंनी बारीक पांढरी बॉर्डर ठेवते. ब्लीड नको, काही नको. साध्या कात्रीनेही भागतं.

काटकोन
बॉर्डर? अहो, चूक दाखवायला त्याहून चांगलं साधन नाही! ४ मि.मी.ची बॉर्डर एका बाजूला ३ आणि समोर ५ झाली की लांबून तिरपं दिसतं. ठेवायचीच तर बोटभर रुंद ठेवा, मग मिलिमीटरभर फरक पचतो. आणि १२ इंच लांब सरळ रेघ कात्रीने? प्रत्येक चावणीला एक दात पडतो.

मी ड्रॉइंग बोर्डावर आयुष्य काढलेला माणूस, माझं मत घरच्या बाजूने. पण नुसती पट्टी पुरत नाही, गुण्या, म्हणजे काटकोन जुळवायचं साधन हवं. सुताराकडचा गुण्या चालेल. आधी एक कड कापायची, मग तिला गुण्या लावून दुसरी, आणि मापं त्या दोन कडांवरूनच घ्यायची. चारी बाजू १२ इंच भरल्या म्हणून पान चौरस होतं असं नाही, ते शंकरपाळ्यासारखं कललेलंही असू शकतं. दोन्ही कर्ण मोजा. ४३१ मि.मी. दोन्हीकडे आलं तर खरं.

पट्टी नेहमी चांगल्या पानावर, पातं कातरणीच्या बाजूला. घसरलं तर कातरण जाते, पान वाचतं. पट्टीच्या पोटाला मास्किंग टेपचा तुकडा लावला की ती सरकत नाही. पातं आडवं धरा, उभं नको. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड कागद एका दमात कापायला जाऊ नका, तीन-चार हलके हात फिरवा. आणि खाली मॅटऐवजी जाड काच घ्या, कड स्वच्छ येते.

चिकटवही
बाकी सगळं पटलं, काच नाही. काचेवर पात्याचं टोक लगेच बोथट होतं आणि हात घसरतो. मॅट बरी. फक्त उन्हात किंवा गाडीत ठेवू नका, ती वाकडी होते आणि परत सपाट होत नाही.

काटकोन
बोथट झालं की टोक मोडायचं. ते पातं तुकडे मोडता येणारं असतं ते उगाच का? मोडलेले तुकडे मात्र एका डबीत टाका, कचरा उचलणाऱ्याच्या हाताचा विचार करा.

जर्सीकर
इकडे अमेरिकेत १२ बाय १२ हेच स्क्रॅपबुकिंगचं नेहमीचं माप. त्यामुळे स्क्रॅपबुक करणाऱ्या बऱ्याच घरी १२ इंची ट्रिमर, म्हणजे पातं सरकवून कागद कापायचं छोटं यंत्र असतं. तो ट्रिमर घेऊ का, असं भारतातली वहिनी विचारत होती. तिला नको म्हटलं. १३ बाय १९ च्या शीटला पहिलाच काप आखूड बाजूने घेतला तरी १३ इंच लांब लागतो, तो त्यात एका झटक्यात बसतच नाही. फिरत्या चाकाचा १८ इंची घेतला तर आधी आखूड बाजूने कापून लांबी कमी करायची, मग बाकीचे काप त्यात बसतात. आणि ऑफिसातला तो लांब दांड्याचा कटर जाड कागदाला अजिबात नको. पातं खाली येताना कागद पुढे ढकलतं आणि शेवटाला कड तिरकी जाते.

खाडीकाठ
बॉर्डर रुंद करेन, ठीक आहे. पण आमच्याकडचा एक प्रश्न कुणीच काढला नाही. पावसाळ्यात कागद दमट होतो आणि फुगतो, तोही सगळीकडून सारखा नाही, तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त. जुलैत अर्धी पानं आणि दिवाळीत उरलेली कापली तर मापं कशी जुळणार? कापायचं तर सगळं एका बैठकीत. आणि आधी कापायचं, मग चिकटवायचं. उलट केलं की वरच्या फुलापानांवर पट्टी डुगडुगते.

बुधवारातला
बघा, 'सगळं एका बैठकीत' हे कोण करतं? मशीन. तीस पानांना चार बाजू, म्हणजे एकशेवीस काप, प्रत्येकाला तीन-चार हात. विसाव्या पानानंतर तुमचा हात कंटाळतो, माझं पातं कंटाळत नाही.

चिकटवही
दादा, मग जोडपानाचं बोला. समोरासमोरच्या दोन पानांवर एकच ग्रुप फोटो पसरलेला. मधल्या कडेलाही ब्लीड, म्हणजे तेवढा भाग दोन्ही शीटवर छापलेला. तिथे मिलिमीटर चुकला की मधल्या काकूंना दोन नाकं येतात, नाहीतर एकही राहत नाही. ती कड मी फोटोतल्या रेषेवर नजर ठेवून कापते. गठ्ठ्यात ते कसं जमवाल?

शिवाय न कापलेली शीट घरी आणताना भोवतीचा कोरा कागद मार खातो, आतलं पान शाबूत राहतं. कापलेलं पान रिक्षातून आणलं की कोपरे दुमडलेच समजा.

बुधवारातला
जोडपानाची मधली कड हाताने, मान्य. ती मीही एकेकच कापतो. कोपऱ्यांचं मात्र मान्य नाही. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, चारी बाजूंनी टेप मारून द्या म्हणून सांगायचं असतं. गिऱ्हाईक सांगत नाही आणि मग रिक्षाला दोष देतं.

चिकटवही
पुठ्ठ्याचे पैसे वेगळे लावता ना तुम्ही लोक!