मदत हवी आहे: विचारनोंदीचा तक्ता चौथ्या रकान्यात अडतो

नमस्कार मंडळी. नैराश्यासाठी सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी, संवादातून होणारी उपचारपद्धती) वापरणाऱ्या समुपदेशकांना विचारायचंय. तक्ता नेहमीचाच: प्रसंग, मनात आलेला विचार, भावना (० ते १००), बाजूचा-विरुद्धचा पुरावा, पर्यायी विचार. पहिले तीन रकाने भराभर भरतात. उदा. 'मैत्रिणीने मेसेज वाचला, उत्तर नाही', 'मी कुणालाच नको आहे', दुःख ८०. पुढे गाडी अडते. पुरावा शोधायला बसलं की जुन्या दहा गोष्टी उकरल्या जातात, तासभर तेच दळण, आणि आकडा ९० वर! नैराश्यात वाईटच आधी आठवतं, त्यामुळे विरुद्धची बाजू कोरी राहणं साहजिकच.

अशा वेळी तक्ता १५ मिनिटांत थांबवायला सांगता, की आधी आठवडाभर फक्त कृतींचं वेळापत्रक (अंघोळ, चालणं, एक फोन) देता? 'असंच का होतं?' याऐवजी 'आत्ता नेमकं काय करता येईल?' हा प्रश्न लिहून दिल्याचा फायदा कुणाला दिसलाय का?

'सकारात्मक विचार करा' छापाचे सल्ले कृपया नकोत. पीएचक्यू-९ (नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) मधल्या नवव्या प्रश्नाचं (मरणाचे, स्वतःला इजा करण्याचे विचार) उत्तर शून्य नसेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, हे धरूनच विचारतोय.