रात्री आरसा काळा होत नाही (बी विंग पार्किंग)

समीर बी-६०३ (रविवार, रात्री १०:१४): मंडळी, गाड्या पुसणाऱ्या पोराला कोणीतरी सांगा की आतल्या आरशाला हात लावत जाऊ नकोस. महिना होत आला, मागून झोत पडला तरी माझा आतला आरसा रात्री काळा होतच नाही, सगळा उजेड डोळ्यांवर. आज साताऱ्याहून येताना खंबाटकीच्या बोगद्यापासून शिरवळपर्यंत एक एसयूव्ही अप्पर लावून मागे चिकटली होती. डोळ्यांसमोर अजून हिरवे गोळे नाचतायत.

राहुल सी-४०२: साइड द्यायची ना मग 😀

समीर बी-६०३: दिली. तो पण आला त्याच लेनमध्ये.

नाना ए-१०१: आरशाखाली खटका असतो. तो आपल्याकडे ओढा. फियाट होती तेव्हापासून मी हेच करतो.

समीर बी-६०३: नाना, याला खटका नाही. ऑटोमॅटिक आहे. सर्व्हिस सेंटरला दाखवला, त्यांनी न उघडताच सांगितलं की आरसा गेला, नवीन टाका. १८ हजार.

राहुल सी-४०२: १८ हजारांत आमच्याकडे ड्रेसिंग टेबल आलं होतं. तीन आरसे आणि वर स्टूल फ्री.

प्रज्ञा सी-५०१: अप्परचा विषय निघालाच आहे म्हणून बोलते. आपल्याच बेसमेंटच्या उतारावर समोरून एलईडी बार लावून येणारे काही सन्माननीय सभासद आहेत. नाव घेत नाही.

राहुल सी-४०२: ताई, तो बार फक्त ट्रेकला लावतो.

प्रज्ञा सी-५०१: परवा रात्री ८:४० ला बेसमेंटमध्ये कुठला गड चढत होतात?

राहुल सी-४०२: हा संदेश हटवला गेला

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक टीका नको 🙏 हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे.

लेले काकू ए-३०४: समीर, हे आरसे मिशिगनला बनतात बरं का. आमचा ओंकार राहतो तिथून जवळच झीलंड म्हणून गाव आहे, तिथे जेंटेक्स कंपनी. आम्ही गेलो होतो तेव्हा त्याने बाहेरून दाखवली. १९७४ साली आगीचा धूर ओळखणारे अलार्म बनवायला निघाले होते, मग १९८७ पासून हे आपोआप काळे होणारे आरसे. ओंकारच्या दोन्ही गाड्यांना आहेत.

प्रज्ञा सी-५०१: काकू, धुराचे अलार्म अजून बनवत असतील तर ओंकारला म्हणावं एक सी विंगला पाठव. आमचा दीड वर्षं बंद आहे. सेक्रेटरी साहेब "कोटेशन मागवलंय" म्हणतात.

सेक्रेटरी: कोटेशन आलेलं आहे. कमिटीत विषय घेतला आहे. प्रत्येक धाग्यात तोच विषय आणू नये ही विनंती.

मेहेंदळे सर बी-२०२: समीर, आरशाच्या कडेला हिरवा ठिपका लागतो का?

समीर बी-६०३: लागतो सर. तेच तर कळत नाहीये. बटण चालू, दिवा चालू, आणि आरसा ढिम्म.

मेहेंदळे सर बी-२०२: मग करंट येतोय. फ्युज उडालेला नाही आणि त्या पोराने बटण बंद केलेलं नाही, हेही लक्षात घ्या.

समीर बी-६०३: बरं.

मेहेंदळे सर बी-२०२: या आरशाला दोन डोळे असतात. एक पाठीवर, पुढच्या काचेतून बाहेर बघणारा. तो बघतो दिवस आहे की रात्र. दुसरा आपल्या बाजूला, मागच्या गाडीचा झोत पकडणारा. पुढे अंधार आणि मागून झगझगाट, असं दोन्ही एकदम दिसलं तरच काम सुरू. आत दोन काचांच्या मध्ये एक जेल भरलेलं असतं. त्याला व्होल्टभर दाब दिला की ते गडद होतं, दाब काढला की पुन्हा पारदर्शक. मोटर नाही, गिअर नाही, हलणारा भागच नाही.

नाना ए-१०१: खटका आपल्याकडे ओढा.

मेहेंदळे सर बी-२०२: नाना, तुमचा खटक्याचा आरसा वेगळा. त्याची काच पाचरीसारखी, एका कडेला जाड. पाठीला पारा लावलेला. खटका ओढला की पाऱ्याचं प्रतिबिंब छताकडे जातं आणि आपल्याला नुसत्या वरच्या काचेचं दिसतं. म्हणजे शंभरातला जेमतेम चार टक्के उजेड. फार हुशार वस्तू आहे, पण समीरकडे ती नाही.

नाना ए-१०१: हेच म्हणतोय मी. हुशार वस्तू आहे.

डॉ. शिंदे बी-३०१: माझ्या जुन्या गाडीच्या अशाच आरशाला कडेने तपकिरी डाग आला होता, मग बुडबुडा. एक दिवस डॅशबोर्डवर थेंब पडला आणि तेवढ्या भागाचं प्लास्टिक खराब झालं. तो द्रव हाताला लागला तर लगेच साबणाने धुवा. समीर, तुझ्या आरशात डाग आहे का?

समीर बी-६०३: नाही डॉक्टर, स्वच्छ आहे.

मेहेंदळे सर बी-२०२: मग १८ हजार खिशातच ठेवा. उद्या भर उजेडात असं करा. इग्निशन ऑन, गाडी न्यूट्रलला. आरशाच्या पाठीवर हरभऱ्याच्या डाळीएवढं भोक असेल, त्यावर काळी इन्सुलेशन टेप लावा. मग आपल्या बाजूच्या भोकावर मोबाइलचा टॉर्च धरा. पाच-दहा सेकंद थांबा. त्यानंतर टॉर्च तसाच ठेवून रिव्हर्स टाका.

राहुल सी-४०२: सर, फी किती?

मेहेंदळे सर बी-२०२: उतारावर डिपर.

---

समीर बी-६०३ (सोमवार, सकाळी ८:५५): सर!!! झाला. आधी कडा निळसर झाल्या, मग आतपर्यंत शाईसारखं पसरत गेलं. रिव्हर्स टाकल्यावर परत पांढरा. हा रिव्हर्सचा बिघाड आहे का?

मेहेंदळे सर बी-२०२: नाही, तसंच हवं. मागे घेताना नीट दिसावं म्हणून. आरसा ठणठणीत आहे. आता टेप काढा आणि आज अंधार पडल्यावर मागे कोणाला तरी हेडलाइट लावून उभं करा.

राहुल सी-४०२: मी येतो. बार लावून येऊ?

प्रज्ञा सी-५०१: एकदाचा सदुपयोग.

सेक्रेटरी: पाण्याच्या टँकरचे जादा २५० रुपये ज्यांनी भरले नाहीत त्यांनी आज भरावेत. (यादी पुन्हा टाकत आहे)

नाना ए-१०१: मी भरले आहेत. यादीत नाव का?

समीर बी-६०३ (रात्री ८:३०): टेप काढली तर काळा होत नाही. टेप लावली की होतो. राहुल मागे उभा आहे, माझ्या डोळ्यांचं भरीत झालंय.

मेहेंदळे सर बी-२०२: म्हणजे पुढच्या डोळ्याला रात्रीही दिवस वाटतोय. त्याच्यासमोर उजेड कसला आहे? आरशामागे काचेवर काय काय चिकटवलंय?

समीर बी-६०३: फास्टॅग, पण तो बाजूला आहे. आणि आपला डॅशकॅम.

मेहेंदळे सर बी-२०२: डॅशकॅमचा स्क्रीन चालू राहतो?

समीर बी-६०३: कायम. थांबा, फोटो टाकतो.

समीर बी-६०३: 📷 फोटो

मेहेंदळे सर बी-२०२: बघा. स्क्रीनपासून भोक दोन बोटांवर. रात्रभर त्या डोळ्यात दिवा धरलाय तुम्ही. बिचारा आरसा काय करणार?

डॉ. शिंदे बी-३०१: अरे! माझाही हल्ली काळा होत नाही. मला वाटलं मोतीबिंदू.

प्रज्ञा सी-५०१: एक मिनिट. हा तोच ना, दिवाळीत खांबाला कोणाची गाडी घासली त्या भांडणानंतर सोसायटीने घाऊक घेतलेला? १४ नग? ज्याचा फिटिंगवाला कुणाच्या तरी ओळखीतला होता?

सेक्रेटरी: १४ सभासदांनी स्वखुशीने घेतले. त्यात माझा एक रुपयासुद्धा नाही.

प्रज्ञा सी-५०१: रुपयाचं कोण बोललं?

सेक्रेटरी: आपल्या बोलण्याचा रोख सगळ्यांना कळतो.

प्रज्ञा सी-५०१: मी फक्त १४ म्हटलं. आकडा बरोबर आहे ना?

लेले काकू ए-३०४: ओंकार म्हणतो तिकडे कॅमेरा आरशाच्या आतच बसवून मिळतो.

मेहेंदळे सर बी-२०२: समीर, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये स्क्रीन बंद होण्याची वेळ असेल. एक मिनिट करा. रेकॉर्डिंग चालू राहतं, फक्त पडदा विझतो. नसेल जमत तर कॅमेरा वीतभर डावीकडे सरकवा. भोकावर टेप कायमची ठेवू नका. नाहीतर त्याला भर दुपारीही रात्र वाटेल आणि मागून ऊन आलं की काळा होऊन बसेल.

समीर बी-६०३ (रात्री ९:०५): सेटिंग सापडलं. एक मिनिट केलं. पडदा विझला, राहुलने अप्पर मारला, आणि आरसा... काळा 🙏🙏 सर, तुमचे पाय कुठे आहेत?

मेहेंदळे सर बी-२०२: सोफ्यावर. मॅच चालू आहे.

डॉ. शिंदे बी-३०१: समीर, उद्या माझाही करून दे.

प्रज्ञा सी-५०१: आणि त्या गाडी पुसणाऱ्या पोराचं काय? काल रात्री त्याच्यावर ढकलून मोकळे झालात.

समीर बी-६०३: सकाळी बोलतो त्याच्याशी. तसं मी त्याला थेट काही म्हटलं नव्हतं.

प्रज्ञा सी-५०१: ग्रुपवर ७२ जणांना म्हटलंत.

समीर बी-६०३: बोलतो म्हटलं ना ताई.

समीर बी-६०३: बाकी सर, एक शंका. आतला झाला, पण बाहेरचे दोन्ही आरसे अजून तसेच चमकतात. त्यांचं काय करायचं?

मेहेंदळे सर बी-२०२: ते साधे आहेत. तुमच्या मॉडेलला ऑटोमॅटिक फक्त आतला. बाहेरचे थोडे बाहेर आणि खाली झुकवा, झोत डोळ्यांवर येणार नाही.

नाना ए-१०१: बाहेरच्याला खटका नसतो.