माध्यमिक शाळेसाठी डोमेन नाव: आद्याक्षरे घ्यावीत की पूर्ण नाव?

प्रश्न: संगणक शिक्षक

आमच्या शाळेचे संकेतस्थळ आतापर्यंत एका मोफत सेवेच्या उपनावाखाली चालत होते. आता स्वतंत्र डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःच्या नावाचा पत्ता, घेण्यास व्यवस्थापनाने मान्यता दिली असून नाव सुचवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. शाळेचे नाव चार शब्दांचे आहे आणि रोमन लिपीत सलग लिहिले की ते वाचताही येत नाही. मुख्याध्यापकांचा आग्रह पूर्ण नावाचा आहे, तर माजी विद्यार्थ्यांना आद्याक्षरे हवी आहेत. शब्दांच्या मध्ये हायफन घालावा का, शेवटी '.एज्यु' मिळू शकेल का आणि देवनागरीतील डोमेन घेणे शहाणपणाचे ठरेल का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: जुना वेबमास्तर

'.एज्यु'चा विचार सोडून द्या. 2001 पासून हा प्रत्यय अमेरिकेतील मान्यताप्राप्त उच्च शिक्षण संस्थांपुरताच राखीव आहे, त्यामुळे तिथल्या माध्यमिक शाळांनाही तो नव्याने मिळत नाही. मात्र अनेक देशांनी शिक्षणसंस्थांसाठी स्वतःचे प्रत्यय ठेवले आहेत. ब्रिटनमध्ये '.एससीएच.यूके', तर भारतात '.एज्यु.इन' आहे. असा राखीव प्रत्यय मिळत असेल तर कागदपत्रांचा त्रास सोसूनही तोच घ्यावा, कारण तिथे पात्रतेची अट असल्यामुळे तुमच्या शाळेच्या नावाने कोणीही उठून बनावट स्थळ उघडणे अवघड जाते. '.ऑर्ग' किंवा '.स्कूल' कोणालाही विकत घेता येतात. ते वाईट नाहीत, पण त्यांच्यामागे अशी पडताळणी नसते.

लांबीबद्दल सांगायचे तर नियमाने पत्त्यातील टिंबांनी वेगळ्या केलेल्या एका भागात 63 अक्षरांपर्यंत मुभा आहे, परंतु मुभा आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असे नाही. नुसती तीन-चार आद्याक्षरे बहुतेक आधीच कोणीतरी घेतलेली असतात आणि मिळाली तरी त्यांवरून ही शाळा आहे की कारखाना, हे परक्या माणसाला उमगत नाही. शाळेच्या नावातील सर्वांच्या तोंडी असलेला एक शब्द घेऊन त्याला 'स्कूल' किंवा 'हायस्कूल' जोडावे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद: कार्यालयातून

मी शाळेच्या कार्यालयात काम करते, म्हणून निराळ्या बाजूने लिहिते. हे नाव दिवसभर फोनवर सांगावे लागते. आपल्या नावांचे रोमन लेखन ठरलेले नसते; 'व' लिहायला कोणी 'व्ही' वापरतो तर कोणी 'डब्ल्यू', दीर्घ 'ई'साठी कोणी एक 'आय' लिहितो तर कोणी दोन 'ई'. शिवाय एका शब्दाचे शेवटचे अक्षर आणि पुढच्या शब्दाचे पहिले अक्षर सारखेच असले, तर पालक हमखास त्यातले एक गाळतात आणि प्रवेश अर्जाचा ईमेल परत येतो. हायफनचेही तसेच आहे: 'मध्ये आडवी रेघ, खालची नव्हे' हे प्रत्येकाला समजावण्यात वेळ जातो. नाव नक्की करण्यापूर्वी ते चार-पाच पालकांना फोनवर एकदाच सांगा आणि त्यांनी काय लिहून घेतले ते वाचून दाखवायला सांगा.

प्रतिसाद: जालव्यवस्थापक

वरील दोन्ही सल्ले योग्य आहेत, पण चर्चा नावाभोवतीच फिरते आहे आणि शाळांचे खरे नुकसान दुसरीकडेच होते. डोमेन कोणाच्या नावावर नोंदवले आहे, हे आधी ठरवा. उत्साही शिक्षक किंवा संकेतस्थळ बनवून देणारा कंत्राटदार स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेलवरून नोंदणी करतो. पुढे तो शाळा सोडतो, मुदत संपल्याची सूचना त्याच्याच जुन्या पत्त्यावर जात राहते आणि एके दिवशी शाळेच्या पत्त्यावर भलत्याच जाहिराती दिसू लागतात.

'.कॉम', '.ऑर्ग' यांसारख्या प्रत्ययांत मुदत संपल्यावर काही काळ नेहमीच्या शुल्कात नूतनीकरण होऊ शकते; हा काळ किती, ते नोंदणी करणाऱ्या कंपनीवर अवलंबून असते. त्यानंतर साधारण 30 दिवस बराच जादा आकार भरून नाव सोडवून घेता येते आणि तेही झाले नाही तर ते कोणालाही घेता येते. नवा मालक त्या डोमेनवर येणारे ईमेलही मिळवू शकतो, म्हणजे शिक्षकांनी शाळेच्या ईमेलवरून जिथे जिथे खाती उघडली असतील, तिथले पासवर्ड बदलण्याचा मार्ग त्याच्या हाती लागतो.

म्हणून नोंदणी संस्थेच्या नावावर असावी. संपर्कासाठी मुख्याध्यापकांच्या पदाचा ईमेल द्यावा, पण तो याच डोमेनवरचा नसावा, कारण डोमेन बंद पडले तर नूतनीकरणाची सूचनाही त्याच्याबरोबर अडकते. मुदत एकदम अनेक वर्षांची घेता येते, '.कॉम' आणि '.ऑर्ग'मध्ये तर 10 वर्षांपर्यंत. हस्तांतरणाचे कुलूप (परवानगीशिवाय डोमेन दुसरीकडे हलवता येऊ नये यासाठीची सोय) लावून ठेवा आणि खात्याचा तपशील शाळेच्या दप्तरी नोंदवा.

देवनागरी डोमेन अवश्य घ्या, परंतु दुय्यम म्हणून. यंत्रणा त्याचे आतून 'एक्सएन' आणि दोन हायफनांनी सुरू होणाऱ्या रोमन अक्षरमालेत रूपांतर करते. ब्राउझरमध्ये ते ठीक चालते, पण ईमेलच्या बाबतीत अजून सर्वत्र भरवसा नाही.

प्रश्नकर्ता: संगणक शिक्षक

आभारी आहे. प्रचलित शब्द आणि 'हायस्कूल' असे नाव सुचवतो. ग्रंथालय आणि माजी विद्यार्थी संघ स्वतंत्र डोमेन मागत आहेत, ती घ्यावीत का?

प्रतिसाद: जालव्यवस्थापक

नको. मुख्य डोमेनखाली उपडोमेन, म्हणजे त्याच नावाच्या आधी टिंब देऊन जोडलेला पत्ता, तयार करा, त्याला वेगळे शुल्क पडत नाही आणि नूतनीकरणाची तारीख एकच सांभाळावी लागते. जुना मोफत पत्ता मात्र लगेच बंद करू नका. ती सेवा परवानगी देत असेल तर त्यावरून नव्या पत्त्याकडे कायमचे पुनर्निर्देशन लावा, म्हणजे जुन्या पत्त्यावर येणारा आपोआप नव्यावर जाईल; नसेल तर तिथे नव्या पत्त्याची सूचना ठेवा आणि छापील प्रगतिपुस्तकांवरचा पत्ता बदलेपर्यंत ती राहू द्या.